दोन टनांचा होइस्ट आणि झोल घेणारा आयबीम : शिरोलीतील एका फौंड्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत हे प्रकरण घडले. फौंड्रीची आणि संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत; आकडे मात्र प्रत्यक्ष तपासणीत वापरलेलेच आहेत.

या फौंड्रीत पंपांची केसिंग आणि गिअरबॉक्सची हाउसिंग ओतली जातात. मोल्डिंगच्या जागेवर वाळूच्या साच्याच्या खालच्या अर्ध्या भागावर, म्हणजे ड्रॅगवर, वरचा अर्धा भाग, म्हणजे कोप बॉक्स, बसवण्यासाठी एक सरळ मोनोरेल होती. ८ मीटर अंतरावरील दोन खांबांच्या ब्रॅकेटवर आयएसएमबी २५० हा (२५० मिमी उंचीचा) आयबीम टाकलेला होता आणि त्याच्या खालच्या फ्लँजवर, म्हणजे आडव्या पट्टीवर, ट्रॉली धावत असे. उभारणीच्या वेळी तिच्यावर १ टन क्षमतेची हाताने ओढायची चेन पुली होती. पुढे मोठ्या हाउसिंगचे काम आले, बॉक्सचे वजन वाढले, आणि मालकांनी चेन पुली काढून २ टनांचा इलेक्ट्रिक होइस्ट, म्हणजे विजेवर वजन उचलणारे यंत्र, बसवला. ट्रॉली पूर्वीसारखीच हाताने ढकलायची राहिली. होइस्ट बसवताना २ टनांचा बॉक्स एकदा उचलून पाहिला गेला, काही तुटले नाही, आणि बीम चालतो असे ठरले.

समस्या

तक्रार बीमबद्दल नव्हती, ती मालाबद्दल होती. मोठ्या हाउसिंगमध्ये पार्टिंग लाइनवर सरक दिसू लागली, म्हणजे वरचा आणि खालचा साचा एकमेकांवर नेमका बसत नव्हता. दोन्ही साचे जुळवणाऱ्या पिना आणि बुश बदलून झाले, पॅटर्न तपासून झाले. अखेर मोल्डिंगच्या मिस्त्रींनी दाखवून दिले की भरलेला बॉक्स बीमच्या मधल्या भागापासून दूर कोठेही उभा केला, की ट्रॉली आपोआप मध्याकडे सरकते. बॉक्स खाली घेताना दोन माणसे त्याला मागे ओढून धरत, आणि पिना बुशमध्ये शिरण्याच्या नेमक्या क्षणी तो हिसका देई. वाळूची कड तेथेच चिरडत होती.

बीम मध्यभागी झोल घेतो हे डोळ्यांना दिसत होते. त्यावर उद्यमनगरातील फॅब्रिकेटरने उपाय सुचवला, की याच मापाचा पण अधिक ताकदीच्या पोलादाचा, ई ३५० ग्रेडचा बीम टाकावा. मालकांनाही ते पटले होते. त्यांचे म्हणणे साधे होते : “मटेरियल भारीचं घालूया की, सेक्शन कशाला बदलायचा? ब्रॅकेट तेच राहतील, उंची तीच राहील.” मागणी नोंदवण्यापूर्वी एकदा गणित पाहून घ्यावे, एवढ्यासाठी आम्हाला बोलावण्यात आले.

मोजणी आणि पहिले गणित

प्रथम वजने निश्चित केली. सर्वांत जड बॉक्स २,००० किलो, होइस्ट आणि ट्रॉली मिळून २५० किलो. म्हणजे बीमवर सुमारे २२ किलोन्यूटन भार. इलेक्ट्रिक होइस्टच्या झटक्यासाठी त्यात २५ टक्के वाढ धरली, की २७.५ किलोन्यूटन. हा भार मध्यभागी असताना सर्वाधिक बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीमला वाकवू पाहणारा जोर, येतो, तो भार गुणिले लांबी भागिले ४, म्हणजे ५५ किलोन्यूटन-मीटर. बीमचे स्वतःचे वजन मीटरला ३७.३ किलो आहे. त्याचे सुमारे ३ मिळवल्यावर एकूण ५८ किलोन्यूटन-मीटर. आयएसएमबी २५० चा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याविरुद्ध छेदाची ताकद दाखवणारा आकडा, ४१०.५ घन सेंमी आहे. त्याने भागल्यावर फ्लँजमधील प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे बल, १४१ मेगापास्कल येते. साध्या ई २५० पोलादाचे यील्ड, म्हणजे ज्या प्रतिबलाला ते कायमचे वाकू लागते ते, २५० मेगापास्कल असल्याने १.७७ पट सुरक्षितता दिसते. जुन्या पद्धतीने यील्डच्या ०.६६ पट, म्हणजे १६५ मेगापास्कल, ही मर्यादा धरली तरी बीम त्यात बसतो.

आता झोल. मध्यभागी भार असलेल्या साध्या टेकूच्या बीमचा झोल म्हणजे भार गुणिले लांबीचा घन, भागिले ४८ गुणिले यंगचा गुणांक गुणिले छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया. यंगचा गुणांक धातूचा ताठपणा सांगतो, तर मोमेंट ऑफ इनर्शिया छेदाच्या आकाराचा ताठपणा. पोलादाचा यंगचा गुणांक २,००,००० मेगापास्कल आणि या छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया ५१३१.६ सेंमी⁴ धरल्यास भारामुळे २२.९ मिमी आणि स्वतःच्या वजनामुळे १.९ मिमी, असा जवळपास २५ मिमी झोल येतो. आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय कोडनुसार इलेक्ट्रिक क्रेनच्या गर्डरला लांबीच्या ७५० व्या भागाइतका झोल चालतो. येथे तो १०.७ मिमी होतो. हाताने चालणाऱ्या क्रेनसाठीची ५०० व्या भागाची सैल मर्यादा धरली तरी १६ मिमीच. मूळच्या १ टनाच्या चेन पुलीखाली हाच बीम भारामुळे ११ मिमीच्या आत झुकत होता. ज्याने तो पहिल्यांदा निवडला त्याने योग्यच निवडला होता.

प्रत्यक्ष मोजणी पाण्याच्या नळीने केली. ट्रॉली टोकाला असताना आणि भरलेला बॉक्स मध्यभागी असताना बीमच्या मध्याच्या उंचीत २६ मिमीचा फरक आला. गणिताप्रमाणे तो २३ मिमी यायला हवा होता. उरलेल्या ३ मिमीचा माग काढल्यावर असे दिसले, की एका टोकाच्या ब्रॅकेटची भोके गॅसकटिंगने पाडलेली होती आणि वजन आले की बोल्ट त्या मोकळ्या जागेत सरकत होते. ही गोष्ट केवळ कागदावर कधीच सापडली नसती.

ट्रॉली का सरकते याचाही हिशेब केला. भार टोकापासून पाव अंतरावर असताना त्याच्याखाली बीमचा उतार मीटरला सुमारे ४.३ मिमी येतो. एवढ्या उतारावर २२ किलोन्यूटनचा भार सुमारे १० किलोच्या ओढीने मध्याकडे जाऊ पाहतो. सपाटीवर ही ट्रॉली हलवायला किती जोर लागतो ते स्प्रिंग काट्याने पाहिले. तो या ओढीपेक्षा कमी होता. घर्षण अडवते त्याहून जास्त उतार ओढतो, तर ट्रॉली थांबेल कशी? मिस्त्रींचे निरीक्षण आणि आकडे तंतोतंत जुळले.

पहिला निर्णय : भारी ग्रेडचे पोलाद का नको

ई ३५० चे यील्ड ३५० मेगापास्कल आहे, म्हणजे ई २५० पेक्षा ४० टक्के जास्त. परंतु झोलाच्या सूत्रात यील्ड कोठेही येत नाही. तेथे यंगचा गुणांक येतो, आणि तो दोन्ही पोलादांचा व्यवहारात सारखाच असतो. त्याच मापाचा ई ३५० चा बीम टाकला असता तरी तो त्याच २५ मिमीने झुकला असता. ट्रॉली तशीच सरकली असती आणि सरक असलेल्या मालाचा ढीग तसाच राहिला असता.

ही गोष्ट मालकांना पटायला वेळ लागला, आणि त्यामागचे कारण मला महत्त्वाचे वाटते. फौंड्रीतल्या माणसाचा रोजचा अनुभव वेगळा असतो. ग्रे आयर्नमध्ये ग्रेड वाढला की ताठपणाही वाढतो : एफजी १५० या ग्रेडचा यंगचा गुणांक सुमारे १०० गिगापास्कल, तर एफजी ३०० चा १३५ च्या आसपास. एस. जी. आयर्न (गोळ्यांच्या रूपातील ग्रॅफाइटचे) त्याहून ताठ, १७० च्या जवळ. याचे कारण ग्रॅफाइटच्या रूपात आणि प्रमाणात आहे. पातळ पापुद्र्यांसारखे ग्रॅफाइट धातूची सलगता तोडते आणि गुणांक खाली आणते. पोलादात तसे ग्रॅफाइट नसते. मिश्रणातील किंवा प्रक्रियेतील थोड्या फरकाने यील्ड बदलते, पण लोखंडाच्या अणूंमधील बंधांचा ताठपणा जवळपास तोच राहतो. ‘भारी ग्रेड म्हणजे ताठ’ हा मालकांचा समज त्यांच्या धातूत खरा होता, आणि म्हणूनच तो खोडून काढण्यापेक्षा त्याची हद्द दाखवणे जास्त उपयोगी पडले. त्यांच्याच टेस्ट बारच्या नोंदी समोर ठेवून हे बोलणे झाले.

दुसरा निर्णय : काम चालू ठेवायचे का

येथपर्यंत सगळे जण झोलाकडेच पाहत होते. प्रतिबलाचा १.७७ हा आकडा दिलासा देणारा होता. पण त्या आकड्यात एक गृहीतक दडलेले असते : बीम उभाच्या उभा वाकेल. वरची फ्लँज दाबाखाली असते. तिला ८ मीटरमध्ये कोठेही बाजूने आधार नसेल, तर ती एखाद्या लांब बारीक खांबासारखी आडवी सुटू शकते आणि तिच्याबरोबर बीम पिळवटून कलतो; यालाच आडवे बकलिंग म्हणतात. या छेदाची आडव्या दिशेची परिभ्रमण त्रिज्या (बाजूला वाकण्याविरुद्धचा ताठपणा दाखवणारे माप) अवघी २६.५ मिमी आहे. ८,००० ला तिने भागले की ३०२ येतात. आयएस ८०० मध्ये बीमच्या दाबाखालील फ्लँजसाठी ३०० ही कमाल मर्यादा आहे.

भार खालच्या फ्लँजला लटकलेला असल्याने तो बीमला थोडा सावरतो. त्याचा फायदा धरूनही आडव्या बकलिंगचा सैद्धांतिक मोमेंट सुमारे ६६ किलोन्यूटन-मीटर आला. प्रत्यक्षातला मोमेंट ५८ होता. शिवाय ६६ हा आकडा अगदी सरळ, निर्दोष बीमचा आहे. कोडप्रमाणे बीमचा किंचित वाकडेपणा आणि रोलिंगमुळे उरलेली प्रतिबले लक्षात घेतली, की क्षमता ५० च्या आत येते, तर सुरक्षिततेसाठी १.५ हा भारगुणक लावलेली गरज ८७ पर्यंत जाते. इतक्या सडपातळ बीमचे बकलिंगही मुख्यतः यंगच्या गुणांकावर, छेदाच्या आकारावर आणि लांबीवर ठरते. यील्डचा वाटा लहान असतो. ई ३५० ने हा धोकाही फारसा कमी झाला नसता. उलट, ‘आता बीम भारी आहे’ या विश्वासाने त्यावर आणखी वजन चढले असते.

हे लक्षात आल्यावर त्याच दिवशी वजन कमी करण्याचा निर्णय झाला. पूर्वीची १ टनाची मर्यादा परत लावावी असे फौंड्रीचे म्हणणे होते. पण चेन पुलीपेक्षा इलेक्ट्रिक होइस्ट जड आहे आणि त्याचा झटकाही जास्त धरावा लागतो, त्यामुळे १ टनाला गणित काठावरून थोडे बाहेर जात होते. मर्यादा ८०० किलो ठरली आणि ती बीमवर दोन्ही बाजूंनी रंगवली गेली. मालकांना हे जड गेले, कारण मोठ्या हाउसिंगची मागणी हातात होती. नवा बीम बसेपर्यंत मोठे बॉक्स शेडच्या दाराजवळ आणून भाड्याच्या हायड्राने, म्हणजे फिरत्या क्रेनने, बंद करण्यात आले. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही गेले, पण त्या काळात बीमखाली कोणी जीव धोक्यात घालून उभे राहिले नाही.

तपासलेले पर्याय

मध्यभागी खांब देणे हा यंत्रशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत चांगला पर्याय होता. झोल लांबीच्या घनावर अवलंबून असल्याने लांबी निम्मी झाली की तो आठव्या भागावर येतो. २३ मिमीचा ३ मिमीही उरत नाही. अडचण अशी, की खांब नेमका बॉक्स मांडण्याच्या जागेत आणि वाळूच्या ट्रॉलीच्या वाटेत येत होता. मोल्डरांनी एकमुखाने नकार दिला.

बीम मध्यभागी वरच्या छताच्या ट्रसला टांगावा, अशी सूचना फॅब्रिकेटरकडून आली. ती चर्चेविना नाकारली. तो ट्रस पत्रे आणि वारा यांच्यासाठी केलेला आहे. त्याला २ टनांचे हलते वजन देणे म्हणजे धोका एका जागेवरून उचलून डोक्यावर नेणे.

जुन्या बीमच्या वरच्या व खालच्या फ्लँजला १०० × १२ मिमीच्या पट्ट्या वेल्ड करण्याचा पर्याय बराच वेळ चर्चेत राहिला. त्याने मोमेंट ऑफ इनर्शिया ९,२५० सेंमी⁴ पर्यंत वाढतो आणि भाराचा झोल १२.७ मिमीवर येतो. तरीही १०.७ ची मर्यादा गाठता येत नव्हती. शिवाय खालची पट्टी डोक्यावर हात करून, उंचावर, ताणाखालच्या फ्लँजला वेल्ड करावी लागली असती, आणि अशा जागी वेल्डच्या टोकाशी दडलेला दोष पुढे तड्याचे मूळ होतो.

राहिला मोठा छेद. येथे मालक आयएसएमबी ३०० वर थांबू पाहत होते. तो प्रतिबलात सहज बसतो आणि त्याचा एकूण झोल १५ मिमी येतो, म्हणजे ५०० व्या भागाच्या मर्यादेत. ट्रॉली हातानेच ढकलतात, मग हीच मर्यादा का लावू नये, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर कोडमध्ये शोधण्याऐवजी स्प्रिंग काट्याच्या नोंदीत शोधले. आयएसएमबी ३०० वर उताराची ओढ सुमारे ६ किलो राहते आणि ट्रॉलीचे घर्षणही जवळपास तेवढेच. म्हणजे ट्रॉली कधी थांबेल, कधी सरकेल. बेअरिंगला ग्रीस दिले की नक्कीच सरकेल. आयएसएमबी ३५० चा मोमेंट ऑफ इनर्शिया १३,६३० सेंमी⁴ असल्याने तीच ओढ साडेतीन किलोच्या आसपास येते आणि एकूण झोल ९.६ मिमी होतो. दोन बीमच्या वजनातला फरक संपूर्ण लांबीत सुमारे ६५ किलो पोलादाचा होता. मूळ तक्रार सरकत्या ट्रॉलीची होती, आणि ती ज्याने खात्रीने जाईल तोच छेद घ्यावा, यावर एकमत झाले.

कार्यवाही

ई २५० पोलादाचाच आयएसएमबी ३५० घेण्यात आला. त्यातील प्रतिबल ७६ मेगापास्कलपर्यंत उतरते. मात्र आडव्या बकलिंगला तोही ८ मीटरच्या मोकळ्या लांबीत काठावरच राहत होता : क्षमता आणि गरज दोन्ही ८८ किलोन्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणून वरच्या फ्लँजला मध्यभागी बाजूचा आधार देणे भाग होते. शेडचे बाजूचे खांब ४ मीटर अंतरावर असल्याने एक खांब बीमच्या मध्यासमोरच येत होता. तेथून दोन अँगल आडव्या पातळीत इंग्रजी व्ही आकारात आणून वरच्या फ्लँजला जोडले. कोडप्रमाणे अशा आधाराने फ्लँजमधील दाबबलाच्या २.५ टक्के बल पेलायला हवे. फ्लँजमध्ये सुमारे १७६ किलोन्यूटन असल्याने ते साडेचार किलोन्यूटनही होत नाही. एवढ्या किरकोळ वाटणाऱ्या बलाने बीमची मोकळी लांबी निम्मी होते. अँगल टोकांना एकेका बोल्टने जोडले, जेणेकरून बीम खाली-वर होताना त्यांनी उभे वजन अंगावर घेऊ नये.

ब्रॅकेट काढून ड्रिलने भोके पाडलेल्या प्लेटचे नवे बसवले आणि बीमच्या टोकांना वेबवर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, ताठपणा देणारे स्टिफनर दिले. फ्लँजची रुंदी १२५ वरून १४० मिमी झाल्याने ट्रॉलीच्या बाजूच्या प्लेटमधले वॉशर हलवून अंतर वाढवावे लागले. ट्रॉलीच्या चाकांखाली खालच्या फ्लँजची कड स्थानिक पातळीवर किती वाकते, तेही तपासले. हुकची उपलब्ध उंची १०० मिमीने कमी झाली. दोन बॉक्सच्या साखळ्या आखूड करून ती भरून काढली.

परिणाम

चाचणीसाठी क्षमतेच्या १२५ टक्के, म्हणजे २.५ टन वजन मध्यभागी तासभर लटकवले. वजन काढल्यावर बीम मूळ पातळीवर परत आला. कायमचा वाक उरला नाही. २ टनांच्या बॉक्सखाली भाराचा झोल ९ मिमी मोजला गेला, गणितात तो ८.६ होता. ब्रॅकेट आता सरकत नव्हते, हे या जवळिकीवरूनच कळले. ट्रॉली जेथे सोडू तेथे थांबू लागली आणि बॉक्स बंद करताना मागे ओढणाऱ्या दोन माणसांची गरज संपली. मोठ्या हाउसिंगमधली सरक थांबली. किरकोळ प्रमाणात जी उरली तिचे कारण झिजलेल्या पिना हे होते, आणि ते आता वेगळे ओळखता येत होते.

वेगळे काय करता आले असते

निर्णयाची खरी वेळ होइस्ट घेताना होती. तेव्हा विचारलेला प्रश्न ‘बीम २ टन उचलतो का’ असा होता आणि त्याचे उत्तर एकदा उचलून मिळवले गेले. आडवे बकलिंग एका शांत उचलीत दिसत नाही. ते एखाद्या दिवशी तिरक्या ओढीने किंवा झटक्याने दिसते. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार उचलण्याच्या यंत्रणेवर सुरक्षित भार स्पष्ट लिहिलेला असणे आणि सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून एकदा तरी तिची तपासणी होणे बंधनकारक होते. या बीमवरची ‘१ टन’ ही जुनी अक्षरे रंगकामात झाकली गेली होती. ती दिसत असती, तर होइस्ट बसवणाऱ्याने निदान एक प्रश्न विचारला असता.

मोजणीचा क्रमही बदलता आला असता. झोल भाराच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ५०० किलो लटकवून घेतलेली नोंद प्रमाणाने वाढवणे पुरेसे असते. बकलिंगचे गणित होण्याआधी पूर्ण २ टन मध्यभागी नेण्याची गरज पडत नाही.

मधल्या खांबाचा पर्यायही मांडणी ठरलेली असल्यामुळेच हातचा गेला. शेजारच्या नव्या शेडची आखणी करताना हा मुद्दा आधी घेतला गेला आणि तेथील मोनोरेलचे खांब ५ मीटरवर धरले गेले. काढून ठेवलेला जुना आयएसएमबी २५० तडे, वाक आणि फ्लँजची झीज तपासून, टोके कापून तेथे बसवण्यात आला. पोलाद तेच आणि छेदही तोच. ५ मीटरच्या लांबीत २ टनांच्या बॉक्सखाली त्याचा एकूण झोल ६ मिमीच्या आत राहतो, मर्यादा ६.७ मिमीची आहे, आणि आडव्या बकलिंगची त्याची क्षमता सुमारे ७२ किलोन्यूटन-मीटर होते, तर गरज ५३ ची आहे. त्या बीमवर आता ‘२ टन’ असे रंगवलेले आहे.